कर्नलचा कोड साफ कसा करायचा: पहिल्या पॅचपासून कंपनीच्या ट्रीपर्यंत

लिनक्स कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, कोड नुसता साफसूफ करणाऱ्या बदलाला क्लीनअप पॅच म्हणतात. त्याची कसोटी एकच आहे. पॅच लावण्याआधी मशीन जे करत होतं, तेच ते नंतरही करतंय का? आणि ते तसं करतंय हे दाखवून देण्याची जबाबदारी पॅच पाठवणाऱ्याची असते, तपासणाऱ्याची नाही. कोड दिसायला नीटनेटका झाला की नाही, हा त्यानंतरचा प्रश्न.

पुण्यात इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली बरीच मुलंमुली आणि हिंजवडी-बाणेरला एम्बेडेडमध्ये नुकतेच लागलेले बरेचजण ‘कर्नलमध्ये आपला एक तरी पॅच जायला हवा’ म्हणून सुरुवात करतात. सुरुवात होते ती चेकपॅचची, म्हणजे कोडची शैली तपासणाऱ्या कर्नलमधल्या स्क्रिप्टची, एखादी वॉर्निंग घालवण्यापासून. तिथून सुरू करण्यात वावगं काहीच नाही. पण लिनक्स कर्नलमध्ये आज तीन कोटींहून जास्त ओळी आहेत, आणि आलेला पॅच वाचून तो घ्यायचा की नाही हे ठरवणारी माणसं त्या मानाने फार थोडी. दोन ओळींच्या पॅचलाही कुणाचा तरी वेळ द्यावा लागतो. तो वेळ वाया जाऊ नये, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

तयारी

उबंटू किंवा फेडोरा, जे हाताशी असेल ते चालेल. जीसीसी, मेक, फ्लेक्स, बायसन आणि ओपनएसएसएल, एल्फ व एनकर्सेसच्या डेव्हलपमेंट लायब्ररी टाकून घ्या. गिटने क्लोन करताना इतिहासासकट पूर्ण रिपॉझिटरी घ्या. जागा वाचवायला फक्त शेवटचा कमिट उतरवला, तर पुढे सांगितलेलं निम्मं काम करताच येणार नाही. डाउनलोड काही जीबींचा आहे, तो रात्री लावून झोपा.

क्लोन कुठला करायचा, इथे नवखे हमखास चुकतात. कर्नलचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांचा मुख्य ट्री, म्हणजे कोडची मुख्य रिपॉझिटरी, क्लीनअपसाठी बहुतेक वेळा जुना पडलेला असतो, कारण प्रत्येक सबसिस्टिमचं, म्हणजे कर्नलच्या एकेका विभागाचं, चालू काम तिच्या स्वतःच्या ट्रीमध्ये साठत असतं आणि मर्ज विंडो, म्हणजे नवे बदल मुख्य ट्रीत घेण्याचा काळ, उघडली की मगच ते वर जातं. कुठल्या भागाची देखरेख कोण करतं, म्हणजे त्याचा मेन्टेनर कोण, हे सांगणारी ‘मेन्टेनर्स’ नावाची फाइल सोर्सच्या मुळाशी आहे. तिच्यात तुमच्या ड्रायव्हरची नोंद काढा. ‘टी’ अक्षरापुढे ट्रीचा पत्ता असतो, तो घ्या. तिथे पत्ता नसेल तर लिनक्स-नेक्स्टवर, म्हणजे सगळ्या सबसिस्टिमचं पुढचं काम एकत्र केलेल्या ट्रीवर, काम करा.

पूर्ण कर्नल पुन्हा पुन्हा बांधत बसू नका. एकदा ‘ऑलमॉडकॉन्फिग’ने, म्हणजे शक्य ते सगळं मॉड्यूल म्हणून निवडणाऱ्या मांडणीने, सगळं बांधून घ्या आणि नंतर ‘मेक’ला फक्त तुमच्या डिरेक्टरीचा मार्ग द्या, शेवटी स्लॅश लावून. पहिल्या बिल्डला साध्या लॅपटॉपवर तासन्‌तास लागतात. आमच्या भागात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, म्हणून मी तो बुधवारी रात्री लावून ठेवतो. एकदा कंपाइल झालेलं जपून ठेवणारं सीकॅश बसवलंत तर दुसऱ्या वेळेपासून फरक लगेच जाणवेल.

काय साफ करावं आणि कुठे हात लावू नये

शिकण्यासाठी हक्काची जागा म्हणजे ‘ड्रायव्हर्स/स्टेजिंग’. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ती २००८ मध्ये सुरू केली, ती नेमकी अर्धवट दर्जाच्या ड्रायव्हरांना सुधारायला वाव मिळावा म्हणून. तिथल्या ड्रायव्हरबरोबर ‘टूडू’ नावाची फाइल असते आणि काय उरलंय ते मेन्टेनरनेच त्यात लिहून ठेवलेलं असतं. ती आधी वाचा. ‘वापरात नसलेला कोड काढा’ असं जिथे लिहिलंय, तिथे ओळींची रुंदी सारखी करत बसलात तर ते काम कुणालाच नको असतं.

नेटवर्किंगवाल्यांनी तर आपल्या नियमावलीत लिहूनच ठेवलंय की दुसऱ्या कुठल्या कामाशी संबंध नसलेले नुसते क्लीनअप पॅच आम्हाला नकोत. त्यामागे कारण आहे. सुरळीत चाललेल्या जुन्या ड्रायव्हरमध्ये ओळी हलल्या, की दुरुस्त्या जुन्या स्टेबल कर्नलवर नेताना पॅच नीट बसत नाहीत. शिवाय ज्याच्याकडे ते हार्डवेअर आहे असा माणूसच उरलेला नसतो, त्यामुळे काही मोडलं तर वर्षभर कुणाला कळतही नाही.

मग करण्यासारखं काय? चुकीला जागाच राहू नये अशी सफाई शोधा. उदाहरणार्थ, सिसएफएसच्या (कर्नलमधली माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या सोयीच्या) शो फंक्शनमधला साधा ‘स्प्रिंट-एफ’ काढून ‘सिसएफएस-एमिट’ आणणं. गुणाकार करून मागितलेली मेमरी ‘केमॅलॉक-अ‍ॅरे’ने मागणं, म्हणजे गुणाकार ओव्हरफ्लो झाला तरी चुकीच्या आकाराचा तुकडा हाती येत नाही. ‘केफ्री’च्या आधीची नल-तपासणी काढणं, कारण ‘केफ्री’ला नल दिलेला चालतो.

‘स्ट्र-एन-कॉपी’ हटवणं हेही याच जातीचं काम. पण तिथे डोळे उघडे ठेवावे लागतात. ‘स्ट्र-एन-कॉपी’ उरलेला सगळा बफर शून्यांनी भरतं, ‘स्ट्र-एस-कॉपी’ भरत नाही. तो बफर पुढे युजरस्पेसला (कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅमना) किंवा डिव्हाइसला जसाच्या तसा जाणार असेल, तर आधी शून्यं होती त्या जागी कर्नलच्या मेमरीतला उरलासुरला मजकूर बाहेर जाऊ शकतो. अशा ठिकाणी ‘पॅड’ जोडलेला प्रकार वापरायचा. कुठला योग्य, हे त्या ओळीकडे बघून कळत नाही. बफर पुढे कुठे जातो, ते माग काढत जाऊन बघावं लागतं.

काम निवडलंत की हाच बदल कुणी आधी पाठवलाय का ते लोर (lore.kernel.org) या कर्नलच्या मेलिंग लिस्टच्या संग्रहात शोधा. पाठवलेला असेल आणि नाकारला गेला असेल, तर का नाकारला तेही तिथेच वाचायला मिळतं.

आधी इतिहास वाचा

विचित्र दिसणारी ओळ काढण्याआधी ती कुणी आणि का लिहिली हे शोधा. गिट ब्लेमला छोटा डब्ल्यू द्या, म्हणजे केवळ मोकळ्या जागांचे बदल वगळले जातात आणि खरा लेखक सापडतो. एखादा शब्द कोडमध्ये पहिल्यांदा कधी आला हे गिट लॉगला कॅपिटल एस देऊन कळतं. कॅपिटल एल दिला तर एकाच फंक्शनचा सगळा प्रवास क्रमाने दिसतो. कर्नलचे जुने कमिट मेसेज हा मोठा ठेवा आहे. ‘अमुक चिपवर हे दोनदा लिहावं लागतं’ अशी वाक्यं कोडात नसतात, तिथे असतात.

एका ओळीची गोष्ट

आता एकच ओळ जवळून बघू. एका ड्रायव्हरच्या इंटरप्ट हँडलरमध्ये (डिव्हाइसने हाक मारली की चालणाऱ्या फंक्शनमध्ये) ‘रीडएल’ने स्टेटस रजिस्टर वाचून ते ‘टेंप’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवलंय. पुढे ‘टेंप’ कुठेच वापरलेलं नाही. ‘मेक’ला डब्ल्यू=१ दिलं की कंपायलर लगेच सांगतो: व्हेरिएबलला किंमत दिली, पण वापरली नाही. नवखा माणूस व्हेरिएबल काढतो आणि त्याच्याबरोबर ती वाचण्याची ओळही काढतो. कोड कंपाइल होतो, वॉर्निंग जाते, चेकपॅचही गप्प.

पण पुष्कळ डिव्हाइसमध्ये स्टेटस रजिस्टर नुसतं वाचल्यानेच साफ होतं. वाचलं नाही तर इंटरप्टची लाइन उठलेलीच राहते आणि हँडलर पुन्हा पुन्हा बोलावला जातो. एखादा इंटरप्ट कुणीच घेत नसेल, तर एक लाखातले ९९,९०० बेवारस निघाल्यावर ती लाइन बंद करायची सोय कर्नलमध्ये आहे. पण आपला हँडलर दर वेळी ‘मी सांभाळलं’ असंच सांगत असेल, तर ते संरक्षणही उपयोगी पडत नाही आणि एक सीपीयू त्यातच अडकून पडतो.

दुसरी शक्यता अशी, की डिव्हाइस जोडणाऱ्या पीसीआय बसवर आधी केलेलं लिखाण डिव्हाइसपर्यंत पोचलंच पाहिजे, म्हणून ती वाचण्याची ओळ मुद्दाम टाकलेली असते. पीसीआयवरचं लिखाण वाटेत थांबू शकतं. त्याच डिव्हाइसवरून काही वाचलं की ते आधी पुढे ढकललं जातं.

म्हणजे इथे बरोबर सफाई कोणती? व्हेरिएबल काढा, ‘रीडएल’ तसंच ठेवा आणि ते का ठेवलंय याची एका ओळीची कॉमेंट लिहा. वॉर्निंग जाते, मशीनच्या वागण्यात काही फरक पडत नाही आणि पुढच्या माणसाला तोच प्रश्न पडत नाही.

असाच दुसरा सापळा काही मायक्रोसेकंद थांबवणाऱ्या ‘यूडिले’चा. चेकपॅच सुचवतो की त्याऐवजी ‘यूस्लीप-रेंज’ वापरा. सल्ला चांगला आहे, कारण ‘यूडिले’ सीपीयूला नुसतंच फिरवत ठेवतं. पण ती ओळ स्पिनलॉक (ज्याच्यासाठी दुसरा सीपीयू जागीच फिरत थांबतो असं कुलूप) धरलेला असताना किंवा इंटरप्टमध्ये चालत असेल, तर तिथे झोपायला परवानगीच नाही. तुमच्या फंक्शनमध्ये लॉक दिसत नसला तरी त्याला बोलावणाऱ्या फंक्शनमध्ये असू शकतो, म्हणून बोलावणारे सगळे मार्ग वरपर्यंत तपासा. ‘डीबग अ‍ॅटॉमिक स्लीप’ हा पर्याय चालू करून तो कोड खरोखर चालवलात तरच कर्नल ओरडतो. नुसत्या कंपाइलवर हे कधीच कळणार नाही.

बदल झाला नाही, हे सिद्ध करायचं

मोकळ्या जागा, नावं, कॉमेंट, कंसांची मांडणी असा बदल असेल, तर आधीची आणि नंतरची ऑब्जेक्ट फाइल, म्हणजे कंपाइल होऊन निघालेली फाइल, ताडून बघा. ‘स्क्रिप्ट्स’मध्ये ‘ऑब्जडिफ’ नावाचं साधन त्यासाठीच आहे: आधीच्या कमिटवर नोंद करायची, पॅच लावायचा, पुन्हा नोंद करायची आणि दोन्हींतला फरक काढायचा. डीबग माहिती बंद ठेवा, नाहीतर ओळींचे क्रमांक बदलल्यामुळे खोटे फरक दिसतात. ‘वॉर्न’सारखे मॅक्रो ओळीचा क्रमांक स्वतःबरोबर नेतात, तेवढा फरक राहील, तो ओळखायला शिका. बाकी मशीन कोड तंतोतंत सारखा निघाला तर कमिट मेसेजमध्ये तसं लिहा. मेन्टेनरला याहून दिलासा देणारं वाक्य क्वचितच असतं.

कॉलेजमधली मुलं हटकून विचारतात, “दादा, ते डिव्हाइसच नाहीये आमच्याकडे, टेस्ट कसं करणार?” उत्तर सरळ आहे. सारख्या ऑब्जेक्ट फाइल हा पुरावा डिव्हाइसशिवायही मिळतो. तो मिळण्यासारखा नसेल, तर फक्त कंपाइल करून पाहिलंय असं पॅचमध्ये स्पष्ट लिहायचं आणि मशीनचं वागणं बदलेल असं काही करायचं नाही. स्वतःचा बोर्ड असेल, तर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाऊन यूएसबीवरून सिरीअल कन्सोल जोडायची केबल आणा. कर्नल पॅनिक झाल्यावर स्क्रीन मेलेली असली तरी शेवटच्या ओळी तिच्यावर मिळतात.

याखेरीज दोन साधनं रोजची सवय व्हायला हवीत. स्पार्स हे लिनस टॉरवाल्ड्स यांनीच २००३ मध्ये लिहायला घेतलं. ‘मेक’ला सी=१ दिलं की ते चालतं आणि युजरस्पेसचे पॉइंटर, बाइटचा क्रम, लॉकची जोडी यांतल्या गफलती दाखवतं. स्मॅच त्याहून खोलात जाऊन नल तपासण्याआधीच वापरलेले पॉइंटर वगैरे शोधतं.

आणि चेकपॅच? तो सल्लागार आहे, न्यायाधीश नाही. कर्नलची शैली अजूनही ८० अक्षरांची ओळ पसंत करते, पण २०२० पासून चेकपॅच १०० पर्यंत काही बोलत नाही. वाक्य तोडून ते वाचायला अवघड होत असेल तर तोडू नका. इंडेंट तीनच्या पुढे गेलं असेल, तर ओळी तोडून काही साधत नाही. फंक्शनचीच फोड करायला हवी.

एका पॅचमध्ये एकच काम

नाव बदलणं, न वापरलेला कोड काढणं आणि एरर हाताळणी सुधारणं हे तीन पॅच. एकत्र केले तर तपासणाऱ्याला प्रत्येक ओळीला ‘ही कशासाठी?’ असं विचारत बसावं लागतं. मालिकेतला प्रत्येक पॅच लावल्यावर कर्नल बांधला गेला पाहिजे आणि चाललाही पाहिजे. उद्या कुणी गिट बायसेक्टने, म्हणजे इतिहास अर्धा-अर्धा करत, बग शोधत येईल आणि नेमका तुमच्या तिसऱ्या पॅचवर थांबेल. तिथे बिल्डच मोडलेला असेल तर त्याचा शोध तिथेच खुंटतो.

विषयाची ओळ आधी सबसिस्टिम, मग ड्रायव्हर, मग काम अशी असते: ‘स्टेजिंग: आरटीएल८७२३बीएस: न वापरलेलं फंक्शन काढा’, अर्थात इंग्रजीत आणि आज्ञार्थी. त्याच फाइलचे जुने कमिट बघून त्यांच्यासारखीच ठेवा. मेसेजमध्ये काय केलं यापेक्षा का केलं आणि ते सुरक्षित का आहे, हे लिहा. ‘चेकपॅचची वॉर्निंग घालवली’ हे कारण होत नाही. ‘हे फंक्शन अमुक कमिटनंतर कुणीच बोलवत नाही’ हे कारण आहे, आणि तो कमिट त्याच्या हॅशच्या निदान पहिल्या १२ अक्षरांनी आणि शीर्षकाने नोंदवायचा.

खाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’. ही प्रथा २००४ मध्ये आली, कर्नलमधल्या कोडच्या मालकीवरून एससीओ कंपनीने कोर्टकचेरी सुरू केल्यानंतर. हा कोड देण्याचा मला अधिकार आहे, असं त्या ओळीने तुम्ही जाहीर करता. म्हणून नोकरीत असाल तर आधी करार वाचा आणि मॅनेजरकडून लेखी परवानगी घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच करारांत फावल्या वेळातलं कामही कंपनीचंच धरलेलं असतं.

पाठवताना आणि नंतर

पॅच ईमेलमधूनच जातो, साध्या मजकुरात, अटॅचमेंट न करता. ब्राउझरमधला जीमेल आणि आउटलुक टॅबची मोडतोड करतात, त्यामुळे ‘गिट सेंड-ईमेल’ वापरा. जीमेलच्या खात्याला त्यासाठी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून वेगळा अ‍ॅप पासवर्ड काढावा लागतो. ऑफिसच्या मेलखाली ‘हा मजकूर गोपनीय आहे’ अशी तळटीप आपोआप चिकटत असेल, तर तिथून पाठवू नका. असा पॅच मेन्टेनरला घेताच येत नाही. कुणाला पाठवायचा ते ‘गेट-मेन्टेनर’ स्क्रिप्ट सांगते. आधी स्वतःलाच पाठवा, आलेला मेल सेव्ह करून ‘गिट एएम’ने लागतो का बघा, मगच बाहेर पाठवा.

मग थांबा, निदान एक-दोन आठवडे. नवं कर्नल साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येतं आणि त्यातले पहिले दोन आठवडे मर्ज विंडो असते. त्या काळात क्लीनअपकडे कुणी बघत नाही. उत्तर आलं की ज्या ओळीबद्दल ते आहे तिच्याखालीच लिहा, वर सगळं लिहून खाली जुना मेल लोंबकळत ठेवू नका. प्रश्न तिखट वाटला तरी तो कोडबद्दलच आहे असं समजून उत्तर द्या. सुधारलेली आवृत्ती ‘व्ही२’ म्हणून पाठवायची आणि काय बदललं ते तीन डॅशच्या ओळीखाली लिहायचं, म्हणजे ते कायमच्या इतिहासात जात नाही. एकाच दिवसात तीन आवृत्त्या पाठवू नका. बाकीच्यांना पहिली तरी वाचून होऊ द्या.

पॅच घेतला गेल्यावरही लक्ष ठेवा. इंटेलचा टेस्ट रोबो तुम्ही कधी न पाहिलेल्या आर्किटेक्चरवर बिल्ड करतो आणि मोडलं तर थेट तुम्हाला मेल येतो. कुणी रिग्रेशन, म्हणजे आधी चालणारं काही मोडल्याचं, कळवलं आणि कारण लवकर सापडत नसेल, तर वाद न घालता रिव्हर्ट, म्हणजे तो बदल मागे घेणारा पॅच, पाठवा. क्लीनअपसाठी चालतं मशीन बंद ठेवण्याचं समर्थन करताच येत नाही.

मोठी सफाई

शेकडो फाइलींना हात लावणारी सफाई नेहमी एकाच क्रमाने होते: नवी सोय जुनीच्या शेजारी उभी करायची, वापरणारे एकेका सबसिस्टिममधून हलवायचे आणि शेवटी जुनी काढून टाकायची. २०१७ मध्ये टायमरची जुनी मांडणी अशीच बदलली गेली. स्टॅकवरचे बदलत्या आकाराचे अ‍ॅरे २०१८ मध्ये संपले आणि ‘स्ट्र-एल-कॉपी’ २०२४ मध्ये गेलं. सगळ्या कर्नलसाठी एकच कुलूप असलेला बिग कर्नल लॉक आला १९९६ मध्ये आणि पूर्ण निघाला २०११ मध्ये. अशा कामाला इतका धीर लागतो, आणि मला त्याबद्दल मनापासून आदर आहे.

यात हाताने करण्यासारखं फार थोडं असतं. कॉक्सिनेल या साधनात ‘अशा आकाराचा कोड दिसला की असा कर’ एवढा नियम लिहायचा, तो सगळ्या ट्रीवर चालतो. कर्नलमध्ये तयार नियमही आहेत, ‘मेक कॉक्सीचेक’ने ते चालवा. पण निघालेली प्रत्येक ओळ वाचा. नियमाला कोडचा आकार कळतो, त्यामागचं हार्डवेअर कळत नाही.

कर्नलच्या आतल्या इंटरफेसला स्थैर्याची हमी नाही, म्हणून ही मोकळीक मिळते. युजरस्पेसला दिसणाऱ्या गोष्टींना मात्र हात लावायचा नाही: ‘यूएपीआय’मधली हेडर, सिसएफएसमधली नावं, आयओसीटीएलचे क्रमांक. तिथलं स्पेलिंग चुकलेलं असलं तरी ते तसंच राहतं.

कंपनीच्या ट्रीमध्ये

पुण्यात कर्नलवर पगार घेणारे बरेचजण मेनलाइनवर, म्हणजे लिनसच्या मुख्य ट्रीवर, नसतात. चिप बनवणाऱ्याने दिलेला कुठल्यातरी जुन्या एलटीएसचा (जास्त वर्षं सपोर्ट मिळणाऱ्या आवृत्तीचा) ट्री आणि त्यावर वर्षानुवर्षं साठलेले शेकडो पॅच, हे त्यांचं रोजचं काम. ४.१९ या एलटीएसचा सपोर्ट डिसेंबर २०२४ मध्ये संपला, तरी ते चालवणारी उत्पादनं बाजारात आहेत. इथे स्टाइलला हात लावू नका. आयात केलेल्या कोडमध्ये मोकळ्या जागा हलवल्या तर पुढचं प्रत्येक मर्ज दुखणं होऊन बसतं. इथली सफाई म्हणजे मेनलाइनशी असलेलं अंतर कमी करणं.

‘गिट चेरी’ने सुरुवात करा. मेनलाइनमध्ये तसाच्या तसा गेलेला पॅच तो वजा चिन्हाने दाखवतो, ते बाजूला काढा. उरलेल्यांत काही असे असतात की मेनलाइनमध्ये तेच काम वेगळ्या पद्धतीने झालेलं असतं. ते हाताने शोधावे लागतात आणि त्यातच जास्त वेळ जातो. काही पॅच आता कुणी विकत नसलेल्या बोर्डासाठी असतात. ते उत्पादन खरंच बंद झालंय, असं सपोर्टवाल्यांकडून लेखी घेऊन मगच काढा. काढलेल्या प्रत्येक पॅचचं कारण कमिटमध्ये लिहा, आणि उरलेले पॅच नव्या आवृत्तीवर रीबेस केल्यावर (पुन्हा बसवल्यावर) ‘गिट रेंज-डिफ’ने जुनी आणि नवी मालिका शेजारी ठेवून वाचा.

शेवटी राहतात ते खरे दुरुस्तीचे पॅच, जे मेनलाइनमध्ये नाहीत पण असायला हवेत. त्यातला सगळ्यात छोटा निवडा, परवानगी घ्या आणि वर सांगितलेल्या पद्धतीने पाठवा. तो एकदा वर गेला, की पुढच्या एलटीएसवर जाताना तेवढा पॅच पुन्हा बसवावा लागणार नाही.